पंपावर जाताना, पंपावरून उतरताना : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

हार्ट-लंग मशीन म्हणजे शस्त्रक्रियेपुरतं हृदय आणि फुप्फुसांचं काम करणारं यंत्र, ऑपरेशन थिएटरच्या (ओटीच्या) बोलीत 'पंप'. त्याच्या आधाराने होणाऱ्या हृदयशस्त्रक्रियांविषयी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेक प्रश्न ऑपरेशन थिएटरात काम करणाऱ्यांचे आहेत, एक नातेवाइकांचा आणि एक रुग्णालयाच्या व्यवस्थापनातला. उत्तरांतली मापं आणि डोस प्रौढ रुग्णांचे आहेत. लहान मुलांचं गणित वेगळं असतं.

प्रश्न : ४५ किलो वजनाच्या, १५० सेंमी उंचीच्या बाईंची झडप बदलली. पंपावर सरासरी रक्तदाब ६५, धमनीच्या रक्ताचं सॅच्युरेशन १००, फ्लो (पंपाने पोहोचवलेलं रक्त) चार्टप्रमाणे शरीराच्या दर चौरस मीटरमागे मिनिटाला २.४ लिटर. सगळे आकडे व्यवस्थित असूनही दुसऱ्या दिवशी लघवी कमी झाली, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्तातली खूण) चढलं. चुकलं कुठे? (एक परफ्युजनिस्ट, म्हणजे पंप चालवणारे तंत्रज्ञ)

तुम्ही तीन आकडे दिलेत, पण पंपावरचं हिमोग्लोबिन दिलं नाहीत. उत्तर बहुधा तिथेच आहे. सॅच्युरेशन १०० याचा अर्थ रक्तात जेवढं हिमोग्लोबिन आहे तेवढं ऑक्सिजनने भरलेलं आहे. ते मुळात किती उरलंय, हे त्यातून कळत नाही.

गणित मांडून बघू. या बाईंच्या शरीराचं क्षेत्रफळ साधारण १.३७ चौरस मीटर. रक्त किलोला ६५ मिलि धरलं तर जेमतेम २९२५ मिलि. आधीचं हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा वाटा) ३३ टक्के होतं असं धरू. सर्किटचं, म्हणजे पंपाच्या नळ्या आणि भांड्यांचं, प्राइम (त्यांत आधी भरून ठेवलेलं द्रावण) १४०० मिलि आणि पंपावर जाण्याआधी भूलतज्ज्ञांनी दिलेलं सलाइन ५०० मिलि, म्हणजे १९०० मिलि पाणी त्या रक्तात मिसळलं. हिमॅटोक्रिट थेट २० टक्क्यांवर येतं आणि हिमोग्लोबिन ६.७ च्या आसपास. एक ग्रॅम हिमोग्लोबिन १.३४ मिलि ऑक्सिजन धरतं. त्यात विरघळलेला थोडा ऑक्सिजन मिळवला की १०० मिलि रक्तात सुमारे ९.७ मिलि ऑक्सिजन होतो. २.४ च्या फ्लोने शरीराला दर चौरस मीटरमागे मिनिटाला जेमतेम २३३ मिलि पोहोचतो. हा पुरवठा २८० च्या खाली राहिला की मूत्रपिंडाला इजा होण्याचं प्रमाण वाढतं, हे आता बऱ्यापैकी पक्कं झालं आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री चाचणीत पुरवठा २८० च्या वर राखल्यावर मूत्रपिंडाची सौम्य इजा कमी झाली. तीव्र इजेत मात्र फरक दिसला नाही, हेही लक्षात ठेवावं.

मग रक्तदाब ६५ कसा राहिला? दाब म्हणजे फ्लो गुणिले रक्तवाहिन्यांचा विरोध. फ्लो कमी असताना नॉरअॅड्रेनालिन देऊन विरोध वाढवला की मॉनिटरवर छान आकडा दिसतो आणि मूत्रपिंडाचा आतला भाग, जो आधीच ऑक्सिजनच्या काठावर जगतो, तो उपाशी राहतो. २०१८ च्याच एका डॅनिश चाचणीत फ्लो तोच ठेवून औषधाने दाब ७० ते ८० राखला, तरी ४० ते ५० दाबाच्या गटाच्या तुलनेत मेंदूतल्या नव्या इजा कमी झाल्या नाहीत. दाब ५० ते ८० च्या दरम्यान हवाच, पण आधी फ्लो बघावा आणि औषधाकडे त्यानंतर वळावं.

अशा छोट्या चणीच्या रुग्णांत खरं काम पंप सुरू होण्याआधीच करायचं असतं. नळ्या आखूड आणि बेताच्या व्यासाच्या घ्याव्यात, रिझर्व्हॉयर (परत आलेलं रक्त साठवणारं भांडं) आणि ऑक्सिजनेटर (रक्तात ऑक्सिजन मिसळणारं कृत्रिम फुप्फुस) रुग्णाच्या मापाचे घ्यावेत, पंपाचं कन्सोल टेबलाच्या जवळ आणावं. पंप सुरू करण्याच्या काही मिनिटं आधी रुग्णाचंच रक्त धमनीच्या आणि नंतर शिरेच्या नळीत उलटं घेऊन तिथलं प्राइम पिशवीत बाजूला काढता येतं. दाब ढासळू लागला की तिथेच थांबायचं. भूलतज्ज्ञांशी आधी बोलून सलाइन आवरायचं. प्राइम ९०० आणि सलाइन २०० मिलिवर आणलं, तर त्याच बाईंचं हिमॅटोक्रिट २४ टक्के राहतं, हिमोग्लोबिन ८, आणि २.५ च्या फ्लोवर म्हणजे मिनिटाला ३.४ लिटरवर पुरवठा २८५ च्या पुढे जातो. पहिल्या स्थितीत तोच पुरवठा गाठायला जवळजवळ ४ लिटर फ्लो लागला असता, आणि एवढ्या छोट्या कॅन्युलांतून (रुग्णाच्या रक्तवाहिन्यांत घातलेल्या नळ्यांतून) तो मिळेलच असं नाही.

एक गोष्ट हमखास निसटते. डेल निडो कार्डिओप्लेजियाचा, म्हणजे हृदय थांबवून ठेवणाऱ्या द्रावणाचा, डोस किलोला २० मिलि, म्हणजे या बाईंना ९०० मिलि. त्यात एक भाग रक्त आणि चार भाग द्रावण, म्हणजे ७२० मिलि पाणी. ते कोरोनरी सायनसमधून परत येऊन पंपाच्या सक्शनने रिझर्व्हॉयरमध्ये गेलं, तर वर वाचवलेलं सगळं वाया जातं. ते वेगळ्या सक्शनने बाहेर काढावं किंवा अल्ट्राफिल्ट्रेशनने पाणी उतरवावं.

रक्त कधी द्यायचं? २०१७ च्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत हिमोग्लोबिन ७.५ च्या खाली गेल्यावरच रक्त देण्याचं धोरण ९.५ च्या धोरणाइतकंच सुरक्षित ठरलं. पण ७.५ ही आंधळी रेघ नव्हे. शिरेच्या रक्ताचं सॅच्युरेशन ६५ च्या खाली, लॅक्टेट (ऑक्सिजन कमी पडत असल्याची खूण) चढतंय, फ्लो आणखी वाढवता येत नाही, असं एकत्र दिसलं तर ८ वरही रक्त द्यावं लागतं.

प्रश्न : हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) किलोला ३०० युनिट दिल्यावरही एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ, सेकंदांत) ३४० च्या पुढे जात नाही. सर्जन घाई करतात. किती थांबायचं? हेपॅरिनचा परिणाम उलटवणाऱ्या प्रोटॅमिनबद्दलही नेमकं सांगा. (भूलशास्त्राचे एक निवासी डॉक्टर)

एसीटी ४८० सेकंदांच्या वर जाईपर्यंत पंप सुरू करायचा नाही, असाच नियम बहुतेक केंद्रांत आहे. लेप असलेल्या सर्किटवर काही ठिकाणी थोडा कमी आकडा चालवतात, पण तो त्या विभागाचा आधी लिहून ठेवलेला निर्णय असतो. ऐन वेळी घासाघीस करून तो ठरवायचा नसतो.

आधी साधी कारणं तपासा. हेपॅरिन खरंच शिरेत गेलं का? सेंट्रल लाइनमधून रक्त मागे ओढून बघून द्यायचं आणि देऊन झाल्यावर पुन्हा रक्त ओढून बघायचं. लाइनचा स्टॉपकॉक भलत्या बाजूला फिरलेला असणं हे या प्रश्नाचं सर्वांत लाजिरवाणं आणि अगदी नेहमीचं उत्तर आहे. कुपीवरची तीव्रता पुन्हा वाचा : मिलिलिटरला १००० युनिटची आणि ५००० युनिटची कुपी शेजारी शेजारी ठेवलेली असते. नमुना ३ ते ५ मिनिटांनी, हेपॅरिन न गेलेल्या लाइनमधून, नव्या कार्ट्रिजवर पुन्हा घ्या.

तरीही आकडा कमीच असेल तर किलोला आणखी १०० युनिट, मग पुन्हा १००. एकूण ५०० च्या पुढे जाऊनही ४८० आला नाही तर त्याला हेपॅरिनला दाद न देणं म्हणतात. हेपॅरिन स्वतः रक्ताचं गोठणं थांबवत नाही. ते अँटिथ्रॉम्बिन या प्रथिनाला कामाला लावतं. आधी काही दिवस हेपॅरिन चालू असलेल्या रुग्णांत हे प्रथिन संपत आलेलं असतं, अशा वेळी हेपॅरिन ओतत राहून उपयोग नाही. अँटिथ्रॉम्बिनचं कॉन्सन्ट्रेट द्यावं, ते नसेल तर फ्रेश फ्रोझन प्लाझ्मा. प्लाझ्माने रक्त आणखी पातळ होतं, हे वरच्या उत्तरातलं गणित इथेही लागू.

पंपावर दर ३० मिनिटांनी एसीटी. एक सावधगिरी : शरीर थंड केलं आणि रक्त पातळ झालं की हेपॅरिन कमी होऊनही एसीटी लांबलेलाच दिसतो. २८ अंशांवरचा ५५० पाहून निर्धास्त होऊ नका. हेपॅरिनची पातळी मोजणारं यंत्र असेल तर तेही वापरा.

आता प्रोटॅमिन. ठरलेलं प्रमाण १०० युनिट हेपॅरिनला १ मिलिग्रॅम. ६० किलोच्या रुग्णाला सुरुवातीला १८,००० युनिट दिले असतील तर वरची मर्यादा १८० मिलिग्रॅम. अनेक केंद्रं याहून कमी देतात आणि तेवढ्यावर भागतं. जादा प्रोटॅमिन स्वतःच रक्त गोठू देत नाही, त्यामुळे 'अजून झिरपतंय, आणखी ५० द्या' हा सल्ला बऱ्याचदा उलटा पडतो. आधी एसीटी किंवा हेपॅरिनेजची चाचणी करून हेपॅरिन उरलंय का ते पाहावं.

१० ते १५ मिनिटांत सावकाश द्यायचं. घाईने दिलं तर दाब पडतो. एनपीएच इन्सुलिन (ज्यात प्रोटॅमिन असतं) घेणारे, माशांची अॅलर्जी असलेले आणि पूर्वी प्रोटॅमिन मिळालेले रुग्ण जास्त धोक्याचे. फुप्फुसाच्या धमनीचा दाब अचानक चढला, हृदयाची उजवी जवनिका (खालचा कप्पा) फुगली आणि रक्तदाब कोसळला तर प्रोटॅमिन ताबडतोब बंद करून पूर्ण डोस हेपॅरिन द्यायचं आणि पंपावर परत जायचं. म्हणूनच डोस संपून रुग्ण स्थिर होईपर्यंत सर्किट मोडू नये.

सर्वांत भयंकर चूक म्हणजे पंप चालू असताना प्रोटॅमिन जाणं. सर्किट काही क्षणांत गोठू लागतं. यावर उपाय साधा आहे : प्रोटॅमिनची सिरिंज पंपावरून उतरेपर्यंत भरायचीच नाही. सर्जनने 'प्रोटॅमिन द्या' म्हणायचं, भूलतज्ज्ञाने 'प्रोटॅमिन सुरू करतोय' असं मोठ्याने सांगायचं, परफ्युजनिस्टने 'सक्शन बंद, व्हेंट बंद' (व्हेंट म्हणजे हृदयातलं रक्त ओढणारी नळी) असं उत्तर द्यायचं. तिघांचे आवाज ऐकू आल्याशिवाय पहिला थेंब जाऊ नये.

प्रश्न : पंपावर हवा शिरण्याची भीती कायम सांगितली जाते. ती नेमकी कुठून येते आणि आली तर पहिल्या मिनिटात कोणी काय करायचं? (ओटीतल्या एक परिचारिका)

सर्वांत ओळखीची वाट म्हणजे रिकामं झालेलं रिझर्व्हॉयर. रिझर्व्हॉयरमध्ये ३०० मिलि रक्त आहे, फ्लो ४.५ लिटर आहे आणि सर्जनने हृदय उचलल्यामुळे शिरेचा परतावा बंद झाला, तर हाताशी ४ सेकंद असतात. माणसाची नजर तेवढी चपळ नसते. म्हणून पातळी मोजणारा सेन्सर आणि बुडबुड्यांचा सेन्सर हे पंपाला जोडलेले, पंप आपोआप थांबवणारे हवेत. नुसती वाजणारी घंटा पुरेशी नाही, आणि वारंवार वाजते म्हणून बंद करून ठेवलेली घंटा तर नसलेल्या घंटेपेक्षा वाईट, कारण सगळे तिच्या भरवशावर असतात.

दुसरी वाट व्हेंट. डाव्या जवनिकेतून रक्त ओढणारी नळी रोलरमध्ये (नळी दाबत फिरणाऱ्या पंपात) उलटी बसवली तर ती ओढण्याऐवजी हृदयात हवा भरते. रुग्णाला जोडण्याआधी तिचं टोक सलाइनच्या वाटीत बुडवून पाणी ओढलं जातंय का हे सर्जनने स्वतः पाहावं. तुम्ही वाटी पुढे करून हा तपास मागू शकता, मागायलाच हवा. व्हेंटच्या नळीत एकदिशा झडपही असावी.

तिसरी वाट कमी जणांना ठाऊक असते. मुख्य पंप थांबलेला असताना कार्डिओप्लेजियाचा किंवा अल्ट्राफिल्ट्रेशनचा पंप चालू राहिला, तर तो ऑक्सिजनेटरमधून रक्त ओढतो, रक्ताच्या बाजूचा दाब उणे होतो आणि सच्छिद्र तंतूंमधून वायू रक्तात खेचला जातो. म्हणून मुख्य पंप थांबला की ते पंपही आपोआप थांबतील अशी जोडणी हवी.

झडपेच्या शस्त्रक्रियेत उघड्या हृदयात हवा राहतेच. छातीत कार्बन डायऑक्साइड सोडत ठेवला तर हवेऐवजी तो राहतो आणि रक्तात लवकर विरघळतो. मात्र पंपाच्या सक्शनने तोही ओढला जातो आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो, तेव्हा परफ्युजनिस्टने वायूचा प्रवाह वाढवायला हवा. महाधमनीवरचा क्लॅम्प (चिमटा) काढण्याआधी हृदय रक्ताने भरायचं, फुप्फुसं फुगवायची, डोकं खाली करायचं, महाधमनीच्या मुळाशी व्हेंट चालू ठेवायची आणि अन्ननलिकेतून केलेल्या इकोवर बुडबुडे संपल्याचं पाहूनच ती काढायची.

आणि मोठ्या प्रमाणात हवा गेलीच तर : परफ्युजनिस्टने पंप थांबवून धमनी आणि शिरा या दोन्ही नळ्यांना क्लॅम्प लावायचे आणि 'हवा' एवढंच ओरडायचं. भूलतज्ज्ञाने टेबलाचं डोकं खूप खाली करायचं, १०० टक्के ऑक्सिजन सुरू करायचा, नायट्रस ऑक्साइड असेल तर बंद करायचा. सर्जनने महाधमनीतली कॅन्युला काढून त्या छिद्रातून हवा बाहेर येऊ द्यायची. सर्किटमधली हवा काढली की धमनीची नळी वरच्या महाशिरेच्या कॅन्युलाला जोडून मिनिटाला १ ते २ लिटर थंड रक्त मेंदूतून उलटं सोडायचं, महाधमनीच्या छिद्रातून बुडबुडे येणं थांबेपर्यंत. मग पुन्हा नेहमीचा पंप, शरीर थंड, दाब जरा चढा. हायपरबेरिक ऑक्सिजनची सोय आवाक्यात असेल तर त्यांना शस्त्रक्रिया संपण्याची वाट न पाहता फोन करायचा. तुमच्याकडे त्या क्षणी मागितले जातात ते जादा क्लॅम्प, कनेक्टर, निर्जंतुक कात्री आणि भरपूर सलाइन. या चार वस्तू एका ठरलेल्या ट्रेमध्ये असाव्यात. हा प्रसंग रिकाम्या ओटीत, खऱ्या सर्किटवर, पाण्याने सराव केल्याशिवाय कोणालाही जमत नाही.

प्रश्न : रोलर पंप सुरक्षित की सेंट्रिफ्युगल (जोरात फिरून रक्त पुढे फेकणारा)? (परफ्युजनचा एक विद्यार्थी)

दोघांच्या खोड्या वेगळ्या. रोलर पंप बंद क्लॅम्पवरही ढकलत राहतो, नळी फुटते किंवा जोड सुटतो. म्हणून दाब चढल्यावर थांबवणारी व्यवस्था हवी. रोलर नळीवर फार घट्ट बसला तर लाल पेशी फुटतात, सैल बसला तर फ्लो दाखवतो त्याहून कमी असतो. सेंट्रिफ्युगल बंद क्लॅम्पवर नुसता फिरतो, नळी फुटत नाही. पण तो थांबला किंवा फेरे कमी झाले तर महाधमनीतलं रक्त उलटं सर्किटमध्ये येतं. फेरे कमी करण्याआधी धमनीच्या नळीला क्लॅम्प, हा हाताला लागलेला सराव असावा. फेऱ्यांवरून फ्लो कळत नाही, स्वतंत्र फ्लो प्रोब लागतोच. एवढं सांभाळलं तर आमचा कल लांबणाऱ्या शस्त्रक्रियांसाठी सेंट्रिफ्युगलकडे आहे. दोन्हींसाठी हाताने फिरवायचा दांडा यंत्रालाच लटकवलेला हवा आणि फिरवण्याची दिशा बाणाने रंगवलेली हवी. वीज गेल्यावर कपाटाच्या किल्ल्या शोधण्यात वेळ जातो.

प्रश्न : शेवटचे टाके चालू असताना 'लवकर गरम करा' असं सांगितलं जातं. किती लवकर? (एक परफ्युजनिस्ट)

ऑक्सिजनेटरमधून बाहेर पडणाऱ्या रक्ताचं तापमान ३७ अंशांच्या पुढे जाता कामा नये. मेंदूला मिळणारं तापमान तेच असतं, किंबहुना सेन्सर दाखवतो त्याहून मेंदू थोडा जास्तच गरम असतो. नाकातला सेन्सर मागे रेंगाळतो आणि मूत्राशयातला आणखी मागे. त्यांच्याकडे पाहून रक्त गरम करणाऱ्या यंत्रातलं पाणी ४० वर नेलं की मेंदूला ताप येतो, तोही बुडबुडे आणि कण नुकतेच पोहोचलेल्या मेंदूला. ३० अंशांच्या वर आल्यावर धमनीचं आणि शिरेचं रक्त यांत ४ अंशांपेक्षा जास्त फरक नको, आणि वेग मिनिटाला अर्ध्या अंशाहून अधिक नको. ३० च्या खाली १० अंशांपर्यंत फरक चालतो.

गरम होताना शरीर ऑक्सिजन जास्त मागतं आणि रक्तवाहिन्या सैलावून दाबही पडतो. शिरेचं सॅच्युरेशन नेमकं याच वीस-तीस मिनिटांत घसरतं. फ्लो तेव्हाच वाढवायचा असतो. घाई टाळायची तर सर्जनने 'संपत आलं' हे संपायच्या अर्धा तास आधी सांगायला हवं. बाकी काही नको.

प्रश्न : पंपावरून उतरताना काय राहून जातं? (भूलशास्त्राच्या एक निवासी डॉक्टर)

व्हेंटिलेटर. हसू येईल, पण दीड तास बंद असलेलं यंत्र चालू करायचं राहणं ही जुनी आणि पुन्हा पुन्हा होणारी चूक आहे. त्यासोबत पंपावरचा व्हेपोरायझर (भुलीचा वायू देणारं उपकरण) बंद करून भूल पुन्हा व्हेंटिलेटरवरून सुरू करायची. तापमान ३६ च्या वर, पोटॅशियम ४ ते ५.५, आयनी कॅल्शियम, आम्लता, हिमोग्लोबिन हे ताज्या नमुन्यावर पाहायचं. हृदयाची गती मंद असेल तर पेसिंगच्या तारा लावून ८० ते ९० वर ठेवायची. दाब मोजणारा ट्रान्सड्यूसर पुन्हा शून्य करायचा. फ्लो एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने निम्मा, मग पाव, आणि प्रत्येक टप्प्यावर इकोमध्ये उजवी जवनिका बघायची.

मनगटातल्या धमनीचा दाब उतरताना कधी कधी महाधमनीपेक्षा बराच कमी दिसतो. तो पाहून अॅड्रेनालिन वाढवण्याआधी महाधमनीच्या मुळाशी सुई घालून किंवा जांघेतून खरा दाब मोजा. हृदय उत्तम चालत असूनही औषधांनी फटकवलं जाण्याचे प्रसंग यातूनच येतात.

प्रश्न : वडिलांची कोरोनरी बायपास महिनाभराने ठरली आहे. घरच्यांनी काय तयारी करावी? 'मशीनशिवाय' केलेली शस्त्रक्रिया जास्त सुरक्षित असते का? (एक वाचक)

महिना हातात आहे ही मोठी गोष्ट आहे. पहिली चौकशी हिमोग्लोबिनची करा. पुरुषांत १३ च्या खाली असेल तर कारण शोधून उपचार सुरू व्हावेत. लोह कमी असेल तर शिरेतून दिलेलं लोह परिणाम दाखवायला दोन ते चार आठवडे घेतं, आदल्या आठवड्यात सुरू करून फारसं हाती लागत नाही. पंपावर रक्त कसं पातळ होतं ते पहिल्या उत्तरात आहे. आधीच पातळ असेल तर दुसऱ्याचं रक्त चढवावं लागण्याची शक्यता वाढते.

तंबाखू, विडी, सिगारेट आजच बंद. चार आठवड्यांचा फरक फुप्फुसांत दिसतो. मधुमेह असेल तर एचबीए१सी तपासा. औषधांची पूर्ण यादी, डोससकट, सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांना दाखवा. क्लोपिडोग्रेल साधारण ५ दिवस, टिकाग्रेलॉर ३ दिवस, प्रासुग्रेल ७ दिवस आधी थांबवतात आणि अॅस्पिरिन बहुधा चालूच ठेवतात. पण स्टेंट बसवलेला असेल तर यातलं काहीही स्वतःच्या मनाने थांबवू नका, स्टेंट बंद पडू शकतो. साखरेसाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर ते किमान ३ दिवस आधी थांबवावं लागतं, नाहीतर रक्तातली साखर नीट दिसत असतानाही अंगात घातक आम्लता वाढू शकते. ही गोळी सांगायची राहून जाते. एनपीएच इन्सुलिन आणि माशांची अॅलर्जी हेही आवर्जून सांगा. छातीवरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका, बारीक जखमांतून संसर्ग होतो.

मशीनशिवायच्या शस्त्रक्रियेबद्दल : मोठ्या चाचण्यांमध्ये पाच वर्षांनंतर दोन्ही पद्धतींत पक्षाघाताचं प्रमाण सारखंच निघालं. एका चाचणीत मशीन वापरलेल्या रुग्णांचं जगण्याचं प्रमाण थोडं जास्तच होतं. याला ठळक अपवाद महाधमनी चुन्याने कडक झालेली असण्याचा आहे. तिथे क्लॅम्प लावला तर कण सुटून मेंदूकडे जातात, आणि महाधमनीला हात न लावता केलेली शस्त्रक्रिया खरोखर उपयोगी ठरते. म्हणून 'मशीन की मशीनशिवाय' असं विचारण्यापेक्षा 'महाधमनी सीटी स्कॅन किंवा अल्ट्रासाउंडने तपासणार का, आणि तुम्ही कोणती पद्धत नेहमी करता' असं विचारा. क्वचित करणाऱ्याच्या हातची मशीनशिवायची शस्त्रक्रिया आम्ही निवडणार नाही.

प्रश्न : आमच्या रुग्णालयात गेल्या ६० शस्त्रक्रियांत एकही मृत्यू नाही. हे जाहीर करावं का? निकाल मोजायचे कसे? (रुग्णालय व्यवस्थापनातले एक वाचक)

अभिनंदन, पण जाहिरात थांबवा. ६० पैकी शून्य मृत्यू या आकड्याशी प्रत्यक्षातला ५ टक्के मृत्युदरसुद्धा सुसंगत आहे. तीनला शस्त्रक्रियांच्या संख्येने भागलं की अशा शून्याची वरची मर्यादा मिळते. ६ मे १९५३ रोजी जॉन गिबन यांनी फिलाडेल्फियात हार्ट-लंग मशीनवर पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. त्यानंतरचे त्यांचे रुग्ण वाचले नाहीत आणि त्यांनी स्वतःहून ते काम थांबवलं. थोड्या शस्त्रक्रियांवरून निष्कर्ष काढू नये याचं याहून बोलकं उदाहरण नाही.

प्रत्येक रुग्णाचा युरोस्कोर-२ (शस्त्रक्रियेत मृत्यूचा अपेक्षित धोका) आधीच काढून नोंदवा. २०० रुग्णांची बेरीज ८ अपेक्षित मृत्यू देत असेल आणि प्रत्यक्षात ६ झाले, तर गुणोत्तर ०.७५. अवघड रुग्ण घेणाऱ्या सर्जनला यानेच न्याय मिळतो. नुसत्या टक्केवारीने असे रुग्ण नाकारण्याची सवय मात्र लागते. मृत्यूखेरीज पक्षाघात, डायलिसिस, २४ तासांहून अधिक व्हेंटिलेटर, छातीच्या हाडाचा खोल संसर्ग आणि पुन्हा छाती उघडावी लागणं, या पाच गोष्टी मोजा. हे आकडे मृत्यूंपेक्षा जास्त असतात, त्यामुळे बिघाड लवकर दिसतो. थोडक्यात टळलेल्या प्रसंगांची वही ठेवा, आणि तिच्यात लिहिणाऱ्याला कधीही नोटीस देऊ नका. पहिली नोटीस गेली की वही कोरी राहील.

प्रश्न : हीटर-कूलर यंत्रामुळे (पंपावरच्या रक्ताचं तापमान राखायला पाणी गरम-थंड करणाऱ्या) संसर्ग होतो म्हणतात. पाणी तर रक्ताला लागत नाही. मग कसा? (ओटी तंत्रज्ञ)

पाणी रक्ताला लागत नाही, पण टाकीतल्या पाण्याचे सूक्ष्म तुषार पंख्याच्या हवेबरोबर बाहेर पडतात आणि उघड्या छातीवर किंवा नव्या झडपेवर बसतात. मायकोबॅक्टेरियम किमेरा या जंतूचे असे रुग्ण प्रथम झुरिकमध्ये ओळखले गेले. जंतू इतका मंद वाढतो की ताप, घाम, वजन घटणं ही लक्षणं शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी येतात आणि नेहमीच्या कल्चरमध्ये काहीच उगवत नाही. पूर्वी कृत्रिम झडप बसवलेल्या माणसाला असा ताप आला तर मायकोबॅक्टेरियाचं कल्चर वेगळं मागवावं लागतं.

शक्य असेल तर यंत्र ओटीच्या भिंतीबाहेर ठेवून नळ्या आत आणा. तसं जमत नसेल तर पंख्याचं तोंड रुग्णाकडे नको आणि यंत्र टेबलापासून शक्य तितकं दूर हवं. टाकीत नळाचं पाणी नको, गाळलेलं किंवा निर्जंतुक घ्या. उत्पादकाने सांगितलेलं निर्जंतुकीकरणाचं वेळापत्रक तारीख-सहीनिशी पाळा. आणि प्राइम भरण्याआधी ऑक्सिजनेटरमधून नुसतं पाणी काही मिनिटं फिरवून रक्ताच्या बाजूला थेंब दिसतो का ते बघा. आतली भिंत फुटलेली असेल तर ते तेव्हाच कळतं. पंप सुरू झाल्यावर ते फक्त कारणाशिवाय वाढणाऱ्या रिझर्व्हॉयरच्या पातळीवरून आणि लाल होत जाणाऱ्या लघवीवरून ओळखावं लागतं.